गरम पाणी आणि आतून कडी

मैत्रिणींची अशी एक जोडी रत्नागिरीच्या प्रत्येक आळीत सापडेल. एक बँकेत, दुसरी शाळेत. पन्नाशी उंबरठ्यावर, मुलं पुण्या-मुंबईला, घरात सासूबाईंच्या गोळ्यांचं वेळापत्रक. दोघी रोज फोनवर बोलतात आणि फोन ठेवताना एकीच्या तोंडून हमखास निघतं, "दोन दिवस कुठेतरी जाऊन नुसतं पडून राहू या गो!" दुसरी म्हणते, "परीक्षा संपू देत." मग परीक्षा संपतात, आंबा सुरू होतो, आंब्यामागून पाहुणे येतात, पाहुण्यांमागून पाऊस.

एखाद्या वर्षी बेत खरोखर ठरतो. मोबाइलवर लोणावळा, गोवा, केरळ अशी स्पाची पॅकेजं बघितली जातात. पांढरे टॉवेल, पोटलीचा मसाज, मेणबत्त्या आणि आकडा. मसाज, सलून वगैरे सेवांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पण मूळ रक्कमच अशी असते की त्या सवलतीने कुणाची भीड चेपत नाही. "एवढ्यात घरातला पंप बदलून होईल," असं शाळेतली म्हणते आणि बेत तिथेच बारगळतो.

खरं तर याच दोघींच्या जिल्ह्यात जमिनीतून गरम पाणी वाहतं आहे आणि त्याला कुठलंही पॅकेज लागत नाही.

पालघरमधल्या कोकनेरपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर अशी गरम झऱ्यांची एक ओळच आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी तीनशेहून अधिक किलोमीटरच्या या पट्ट्यात १८ ठिकाणं नोंदली आहेत. गणेशपुरी, वज्रेश्वरी, अकलोली ही मुंबईकरांची ओळखीची. रत्नागिरी जिल्ह्याच्या वाट्याला त्यांतली बरीच आली आहेत: दापोली तालुक्यात उन्हवरे, खेडात एक, संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ आणि राजवाडी, राजापूरजवळ उन्हाळे. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरातही या झऱ्यांची दखल आहे. म्हणजे साहेबाला माहीत होतं, आपल्याला मात्र केरळ आठवतं.

डोंगराच्या पोटात गंधक जळतं म्हणून पाणी तापतं, असं गावात आजही सांगतात. प्रकार तसा नाही आणि कोकणाखाली कुठला ज्वालामुखीही धुमसत नाही. हा काळा कातळ लाव्हारसाचाच असला, तरी तो थिजून साडेसहा कोटी वर्षं झाली. झऱ्याचं पाणी पावसाचंच असतं. ते कातळातल्या खोल भेगांतून खाली झिरपतं. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं, त्या उष्णतेने पाणी तापतं आणि दुसऱ्या भेगेची वाट धरून वर येतं. येताना क्षार घेऊन येतं, थोडा हायड्रोजन सल्फाइडही. जवळ गेल्यावर नाकात शिरणारा तो कुजकट वास त्याचाच.

सगळे झरे सारखे तापलेले नसतात, हे निघण्याआधी माहीत असलेलं बरं. उन्हवऱ्याचं पाणी उगमापाशी साधारण ७० अंश असतं. तिथे हौसेने पाय घालणारीला मलम शोधत फिरावं लागेल. तुरळचं साठीच्या आसपास. राजापूरजवळच्या उन्हाळ्याचं चाळीस-बेचाळीस, म्हणजे न्हाणीतल्या बंबाचं पाणी विसणून जितकं होतं तितकंच. आंघोळीच्या कुंडात पोचेपर्यंत उगमाचं पाणी निवतं, तरीही आधी हाताचं कोपर बुडवून पाहावं. तान्ह्याला न्हाऊ घालणाऱ्या बायका हेच करतात आणि त्यांना कुणी थर्मामीटर दिलेला नसतो.

रत्नागिरीतल्या जोडीसाठी सोयीचं ठिकाण तुरळच. मुंबई-गोवा महामार्गाला लागून, शहरापासून पन्नास-साठ किलोमीटर. (या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, तेव्हा किती वेळ लागेल ते विचारू नये.) जवळच राजवाडी. तिथे सोमेश्वराचं जुनं देऊळ, त्यातलं लाकडावरचं कोरीवकाम आणि गरम पाण्याचं कुंड असं सगळं एकाच फेरीत होतं. परतताना संगमेश्वरजवळ कसब्याचा कर्णेश्वर आहे. उन्हवऱ्याला जायचं तर एक मुक्काम दापोलीत करावा आणि पन्हाळेकाजीची २९ लेणी जोडून घ्यावीत. महिना डिसेंबर किंवा जानेवारी. ऐन मे महिन्यात साठ अंशांचा झरा शोधत जाणाऱ्यांना फक्त धन्यवाद द्यावेत.

तुरळ आणि उन्हवऱ्याला बायकांची आणि पुरुषांची कुंडं वेगळी, भिंतीआड आहेत. बायकांच्या बाजूला शनिवारी सकाळी जो गप्पांचा फड जमतो, तो कुठल्याही स्पातल्या मंद संगीतापेक्षा बरा. गुडघ्यांची तक्रार घेऊन आलेली आजी, तिला धरून उतरवणारी सून, शिवाय "किती दिवस येता?" म्हणून चौकशी करणारी तिसरीच कुणी. आपल्या दोघी तिथे पहिली पाच मिनिटं अवघडून बसतात. मग पाणी खांद्यापर्यंत येतं आणि बँकेतली डोळे मिटून घेते. शाळेतली म्हणते, "काय गो, झोपलीस?" उत्तर येत नाही.

बायकांना पूर्वीही विसावा मिळे, पण त्याला कायम दुसरंच नाव असे. माहेरपण असे, ते सणाच्या निमित्ताने. अंगाला तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालत, धुरी देत, ती बाळंतिणीला. म्हणजे ती सरबराईही बाळाच्या हिशेबातली. दिवाळीच्या पहाटे घरातल्या सगळ्यांना उटणं लावून झालं की उरलेल्या उटण्यात जिची उरकून आंघोळ होई, तिला कुणी काय वाटलं हे विचारत नसे. दोन मैत्रिणींनी कारणाशिवाय, नवस-बिवस न बोलता, गरम पाण्यात बसायला जाणं ही म्हणूनच नवी गोष्ट आहे आणि ती चांगली आहे.

जपानी लोकांनी अशा गरम झऱ्यांचा रीतसर कायदाच केला. तिथल्या झऱ्यांच्या स्नानगृहांना ओनसेन म्हणतात आणि १९४८ च्या कायद्याप्रमाणे पाणी उगमापाशी किमान २५ अंश असेल किंवा त्यात ठरावीक द्रव्यं असतील, तरच ते नाव लावता येतं. त्यांची शिस्त उचलण्याजोगी आहे: आधी बाहेर साबण लावून स्वच्छ आंघोळ, साबण पूर्ण धुऊन टाकायचा आणि मगच कुंडात उतरायचं. आपल्याकडे उलटं. कुंडातच शाम्पू, कुंडातच कपडे आणि पुडीचा कागद पायरीवर. तेलाचंही तसंच. आयुर्वेदात स्नेहन आधी, स्वेदन नंतर, हे खरं. पण ते वैद्याच्या खोलीत. चारचौघींच्या कुंडात तेल माखून उतरू नये. खोबरेल तेल संध्याकाळी मुक्कामी काढावं, एकमेकींच्या पाठीला लावायला तिथे वेळ असतो.

वैद्यकाचं थोडं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, आखडलेले सांधे मोकळे वाटतात. त्वचारोग मुळापासून जातो वगैरे मात्र ऐकून सोडून द्यावं. दहा-पंधरा मिनिटं पुरे. उठताना भिंतीला धरून सावकाश उठावं, नाहीतर भोवळ येते. हृदयविकार असेल, दिवस गेलेले असतील किंवा रक्तदाब मुळातच कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. डोकं तर कुणीच बुडवू नये. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फावलेरी नावाचा अमीबा वाढू शकतो; तो नाकावाटे मेंदूत शिरतो आणि तो आजार फार क्वचित होत असला तरी बहुधा जिवावर बेततो. कुंडातून बाहेर आल्यावर मीठ घातलेलं कोकम सरबत प्यावं. घाम गेलेल्या अंगाला ते लागू पडतं आणि ते शोधायला कोकणात कुठे जावं लागत नाही. मग तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि दुपारची झोप.

आता जे खटकतं ते. पाणी निसर्गाने दिलं, भिंती माणसांनी बांधल्या आणि काम तिथेच थांबलं. जिल्ह्यातल्या कुंडांवर फिरणाऱ्या बायकांना विचारलं तर त्या चवीने गरम पाण्याचं सांगतात आणि लगेच ओल्या साडीचं. कपडे कुठे बदलायचे? एकीने चादर धरायची, दुसरीने तिच्याआड घाईघाईने उरकायचं. त्या धांदलीत मघाचा सगळा सैलपणा निघून जातो. खर्च काही डोंगराएवढा नाही. आतून कडी लागणारी एक खोली, कपडे अडकवायला चार खुंट्या, आधी अंग धुवायला साध्या पाण्याचा नळ, आठवड्यातून एक दिवस कुंड उपसून घासायची सोय आणि आजचं तापमान लिहिलेला फळा. दहा-वीस रुपये तिकीट लावलं तर बायका आनंदाने देतील. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत हे झरे आहेत, त्यांनी येत्या ग्रामसभेत एवढा एक विषय घ्यावा आणि तो महिलांच्या बचत गटाकडे सोपवावा. खोली बांधून झाली की केरळचं पॅकेज आपोआप मागे पडेल. तोवर जाणाऱ्यांनी मोठी चादर बरोबर न्यावी आणि साबण घरी ठेवावा.