चुकलात तरी थांबू नका

लेकीकडे लंडनला गेले ती नातवाला सांभाळायला, नाचायला नव्हे! पण एका संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, आज बाळाला त्याचा बाबा बघेल. तू चल माझ्याबरोबर." आणि साठी उलटलेली मी, साडीवर बूट चढवून, सेसिल शार्प हाऊसमध्ये इंग्रजी लोकनृत्याच्या रांगेत उभी राहिले.

समोरासमोर दोन रांगा. पुढची चाल मोठ्याने सांगणारी एक बाई. तिला 'कॉलर' म्हणतात. आधी संगीताशिवाय नुसते चालून बघायचे, मग फिडल सुरू. मी नेमकी उलटी वळले! शेजारच्या आजीबाईंनी दंड धरून मला जागेवर आणले आणि म्हणाल्या, "चुकलात तरी थांबू नका हं!"

चहा घेताना लेकीने त्या वास्तूच्या नावामागची हकिकत सांगितली. 1899 साली, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारीत शार्प यांनी मॉरिस नाच पाहिला. पायांत घुंगरू, हातांत रुमाल. वाजवणारा विल्यम किंबर हा गवंडी. थंडीत काम नव्हते, म्हणून चार पैशांसाठी मंडळी हंगाम नसताना नाचत होती. शार्पनी किंबरकडून चाली टिपून घेतल्या, पुढे नाचांची पुस्तके काढली, 1911 साली संस्था स्थापली.

मेरी नील या बाईंनी मात्र 1905 साली किंबरलाच लंडनला बोलावले आणि आपल्या क्लबातल्या शिवणकाम करणाऱ्या मुलींना नाच शिकवायला लावले. त्याच मुली मग गावोगाव शिकवीत फिरल्या. पुढे दोघांचे बिनसले. शार्पना नाच बिनचूक हवा होता, नीलबाईंना आधी जिवंत.

मला दोघांचेही पटले. टिपून ठेवले नसते तर कितीतरी नाच गेले असते. पण पुस्तक काही कोणाचा दंड धरीत नाही!

परतताना लेक हळूच म्हणाली, "आई, तुझी मंगळागौर मला कुठे येते?" घरी येऊन तिला झिम्म्याचे चार प्रकार दाखवले. पाचवा काही केल्या आठवेना.

सकाळी सांगलीला वन्संना फोन लावला. त्या आता ऐंशीच्या.

"फोनवरून का झिम्मा येतो? लेकीला घेऊन ये," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे आहेत तोवर ये."

येत्या श्रावणाची तिकिटे काढली आहेत.