केनियाची तिकिटं काढलीत? आता कॅलेंडर उघडा

जुलै-ऑगस्टमध्ये मसाई मारा बघायला जायचं ठरलंय? मस्तच! कॅमेरा, चिवडा-थेपले अशी यादीही झाली असेल. त्या यादीत सगळ्यात वर हवी ती येलो फीवरची लस, आणि नेमकी तीच शेवटच्या आठवड्यात आठवते.

‘तिथे भारतीयांना कोणी विचारत नाही,’ असं काही एजंट बिनधास्त सांगतात. नैरोबीत उतरताना कदाचित नाही विचारणार. विचारतात ते परतताना, आपल्याच विमानतळावर. भारतात येलो फीवर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे. डेंग्यू पसरवतो तोच हा. त्यामुळे केनियाहून येणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर त्याला ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवलं जाऊ शकतं. केनियातून पुढे टांझानियाला जाणार असाल, तर तिथेही हे कार्ड मागतात.

कार्ड हातात पडलं म्हणजे झालं, असं नाही. लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ते लागू होतं. लस मिळते फक्त सरकारमान्य केंद्रांवर. अशी केंद्रं प्रत्येक शहरात नसतात, म्हणून महिनाभर आधी अपॉइंटमेंट घ्या. पासपोर्ट सोबत न्या आणि कार्डावरचं नाव, तारीख तिथेच तपासा. पूर्वी कधी ही लस घेतली असेल, तर कपाट उपसून ते जुनं कार्ड शोधा. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

आईबाबांना नेणार असाल, तर बुकिंगआधी डॉक्टरांना भेटा. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर ती पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रास क्वचितच होतो, पण धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, बाळ ९ महिन्यांच्या आतलं असेल, तर ही लस सहसा देत नाहीत. गरोदर असाल तर तेही आधीच सांगा. डॉक्टर नको म्हणाले, तर हट्ट करू नका. ताडोबाचे वाघ कुठे पळून जात नाहीत!

टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लशींचं त्याच भेटीत विचारून घ्या.

आता मलेरिया. ‘तो तर आपल्याकडेही असतो’ म्हणून इथेच लोक गाफील राहतात. आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा असतो. उपचाराला उशीर झाला तर तो काही दिवसांत जिवावर बेततो, आणि जुनी क्लोरोक्वीन त्यावर भरवशाची नाही. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरच ठरवतील. काही निघण्याच्या १-२ दिवस आधी सुरू होतात, काही २-३ आठवडे आधी. घरी आल्यावरही त्या ७ दिवस ते ४ आठवडे घ्याव्या लागतात, आणि नेमक्या तेव्हाच त्या सुटतात. मलेरियाचा डास संध्याकाळनंतर चावतो, म्हणून रात्री पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी हवीच. सनस्क्रीन लावत असाल तर आधी ते, मग डासांचं क्रीम.

गोळ्या घेऊनही परतल्यावर पुढच्या तीनेक महिन्यांत ताप आला, तर व्हायरल समजून क्रोसिनवर काढू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, ‘मी केनियाला जाऊन आलोय,’ आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या.