रेषा कमी, नेम पक्का!

जास्त फीचर्स म्हणजे जास्त चांगली वस्तू, हा आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांचा लाडका गैरसमज आहे. मोबाईल असो की कॅलक्युलेटर, बटणं जास्त दिसली की आपण खूश! हा गैरसमज किती महागात पडू शकतो ते बघायचं असेल, तर मी म्हणेन रायफलच्या दुर्बिणीतून बघा.

या दुर्बिणीत नेम धरायला ज्या रेषा दिसतात, त्यांना रेटिकल म्हणतात. सिव्हिलवाल्यांना हे नवीन नाही. थिओडोलाइटमध्ये क्रॉसहेअरच्या वर-खाली दोन छोट्या स्टेडिया रेषा असतात. त्या दोघींमध्ये स्टाफचा जेवढा भाग दिसतो त्याला 100 ने गुणलं की अंतर मिळतं. मिल-डॉट रेटिकल म्हणजे तीच आयडिया. एक मिल म्हणजे रेडियनचा हजारावा भाग, म्हणजे 100 मीटरवर 10 सेंटिमीटर. वस्तूची उंची माहीत असली आणि ती किती मिल दिसते ते मोजलं, की झालं गणित!

आता निवड कशी करायची? कागदी टार्गेटवर नेम धरणाऱ्याला अंतर आधीच माहीत असतं, उजेड असतो, वेळ असतो. त्याला बारीक क्रॉस आणि मध्ये छोटासा ठिपका पुरतो. एक-अष्टमांश मिनिटाचा ठिपका 100 यार्डांवर जेमतेम 3 मिलिमीटर जागा झाकतो. इथे जाड रेष घेतली तर जिथे मारायचं तेच झाकलं जाईल.

शिकाऱ्याचं उलट आहे. जर्मनीत रानडुकराची शिकार बऱ्याचदा संध्याकाळी नाहीतर चांदण्यात होते. काळ्या डुकरावर बारीक रेष दिसणारच नाही. म्हणून तिकडे नंबर 4 नावाचं जुनं रेटिकल चालतं : डावीकडून, उजवीकडून आणि खालून जाड पट्ट्या, मध्ये बारीक क्रॉस. अमेरिकेत ल्युपोल्ड कंपनीने 1962 मध्ये आणलेलं डुप्लेक्सही याच जातीचं, फक्त जाड पट्ट्या चारही बाजूंनी. नजर आपोआप मध्यावर जाते. विचार करावा लागत नाही, आणि हाच त्याचा मोठेपणा.

पण आता शिकारीसाठीसुद्धा झाडासारखं पसरलेलं, खुणाच खुणा असलेलं ‘ख्रिसमस ट्री’ रेटिकल घेणारे आहेत. इथेच माझा आक्षेप आहे. पुष्कळ दुर्बिणींत झूम बदलला तरी रेटिकल तेवढंच राहतं, म्हणजे खुणा एकाच झूमला खऱ्या असतात. समजा त्या 9 पटीला खऱ्या आहेत. हरणाची छाती साधारण 45 सेंटिमीटर धरली तर 150 मीटरवर ती 3 मिल दिसायला हवी. पण झूम 4.5 वर राहिला तर ती दीडच खुणा भरेल आणि शिकारी समजेल, हरीण 300 मीटरवर आहे! मग तो नेम वर धरणार, आणि गोळी एकतर पाठीवरून जाणार नाहीतर भलत्याच जागी लागणार.

कोणी म्हणेल, झूमबरोबर लहान-मोठं होणारं रेटिकल घ्या, खुणा नेहमी खऱ्या राहतील. बरोबर आहे. पण मग कमी झूमला ते अख्खं झाड इतकं बारीक होतं की वाचताच येत नाही, आणि दाट जंगलात तर कमी झूमच लागतो! शिवाय खुणा आहेत म्हटल्यावर 500 मीटरवर मारायचा मोह होतो. तिथे पोचायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात हरणाने एक पाऊल टाकलं की संपलं. कागद हलत नाही, हरीण हलतं.

आपल्याकडे हौसेखातर शिकार करणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. पण नेमबाजी आपली आहेच. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं. त्या प्रकारात दुर्बीण चालतच नाही. पुढच्या साइटमध्ये एक गोल कडं असतं, त्यात टार्गेटचा काळा गोल बरोबर मध्ये बसवायचा. बास! आणि दहाचं वर्तुळ किती मोठं? फक्त 10.4 मिलिमीटर.

म्हणजे खुणा जास्त असल्याने नेम चांगला होतो असं काही नाही. कामाला लागेल तेवढंच हवं. आणि काय लागेल हे ठरवताना एक प्रश्न विचारायलाच हवा : चुकलं तर किंमत कोण मोजणार? टार्गेटवर चुकलं तर नेमबाजाचा पॉइंट जातो. जंगलात चुकलं तर पोटात गोळी घेऊन जनावर तासन् तास तडफडतं, आणि ज्याने झूम बघितला नाही त्याला खरचटतसुद्धा नाही. म्हणून शिकाऱ्याचं रेटिकल साधंच असावं, आणि साध्या रेटिकलने जमणार नाही इतकं लांबचं जनावर त्याने सोडून द्यावं.

मित्रांनो, उद्या आपण पंप, पूल नाहीतर सॉफ्टवेअर बनवणार. एखादी रेष जास्तीची ओढण्याआधी हा प्रश्न आपणही स्वतःला विचारू या.