नऊशे तास आणि साडेसहा वर्षांचा मुलगा

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसातला माझ्या धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. ती अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात राहते. तिच्याकडे शनिवारच्या रात्रीचे नऊ वाजले होते. चेहरा उतरलेला. "ताई, एकसष्ट तास कमी पडतायत गं," एवढंच म्हणाली.

पालकहो, तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, साडेसहा वर्षांचा आहे. शाळेत जात नाही, आईच घरी शिकवते. तिथे याला होमस्कूलिंग म्हणतात आणि ते कायदेशीर आहे. पण न्यूयॉर्क राज्याचा नियम कडक. पहिली ते सहावीच्या मुलाला वर्षाला ९०० तास शिकवलं पाहिजे, सातवीपासून ९९०. वर्षाच्या सुरुवातीला काय शिकवणार त्याचा आराखडा द्यायचा, मग दर तिमाहीला अहवाल, आणि त्यात त्या तिमाहीत किती तास झाले तो आकडा लिहायचा. ९०० भागिले ४, म्हणजे तिमाहीला साधारण २२५. बहिणीचे आठ आठवड्यांत १६४ झाले होते आणि दोन आठवडे उरले होते.

मग तिने काय केलं, तर शनिवारसुद्धा धरून रोज पाच तास मुलाला टेबलाशी बसवायचं ठरवलं. सकाळी नऊ ते दोन, समोर स्वयंपाकघरातला टायमर. कॉलवर मला भाचा दिसला नाही, तो झोपला होता. पण बहीण सांगत होती, "दर पाच मिनिटांनी विचारतो, आई किती मिनिटं राहिली? वाचायला दिलं की पोट दुखतं म्हणतो." आणि जाता जाता एक वाक्य बोलली, ते मला जास्त लागलं. रात्री झोपताना ती त्याला मराठी गोष्ट वाचून दाखवायची, ते बंद केलं होतं. का? तर ती तासांत धरता येत नाही, आणि दिवसभरानंतर दोघंही थकलेले असतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. तासांचा हिशेब आम्हालाही चुकलेला नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास लिहिलेत, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. ८०० भागिले २००, रोजचे चार तास. आता त्या चार तासांत काय होतं ते शिक्षकांना मी सांगायला नको, पण पालकांसाठी सांगते. माझ्या वर्गात २८ मुलं. तासिका ३५ मिनिटांची. त्यातली पाच मिनिटं वह्या काढणं, पेन्सिल हरवणं, "बाई, हा मला मारतोय" यात जातात. उरली ३० मिनिटं. प्रत्येक मुलाच्या शेजारी बसून त्याचं वाचन ऐकायचं म्हटलं तर वाट्याला येतं एक मिनिट आणि वर थोडे सेकंद. बाकीचा वेळ मूल ऐकतं, बघतं, मित्राच्या वहीत डोकावतं, खिडकीबाहेरही बघतं. तेही शिकणंच आहे, मी कमी लेखत नाही. पण हा तास आणि आई-मुलगा समोरासमोर बसलेत तो तास, ही एकच वस्तू नव्हे. आईशेजारी अर्धा तास वाचणाऱ्या मुलाला माझ्या वर्गातल्या कित्येक दिवसांचं लक्ष मिळून जातं.

मग कायदा पाच तास का मागतो? माझं मत असं की सरकारला घरात डोकावता येत नाही. मूल काय शिकलं हे मोजणं कठीण, घड्याळ मोजणं सोपं. शाळेत १८० दिवस, तर घरीही त्याच्या बरोबरीचं काहीतरी हवं, एवढाच त्यामागचा विचार. मी त्याला मूर्खपणा म्हणणार नाही. 'घरी शिकवतो' म्हणून मुलाला नुसतं घरी ठेवणारेही असतात, आणि त्या मुलांसाठी हा आकडाच काय तो आधार आहे. पण आकड्यात फार पवित्र काही नाही हेही खरं. शेजारच्या न्यू जर्सीत घरी शिकवणाऱ्यांना तासांची अटच नाही. मिसुरीत १००० तास, त्यातले ६०० मुख्य विषयांचे, आणि त्या ६०० पैकी ४०० राहत्या घरीच. ओहायोत ९०० होते, ते २०२३ मध्ये काढून टाकले. तिथल्या सहा वर्षांच्या पोरांचे मेंदू त्या वर्षी बदलले नसावेत.

असो. बहिणीला तत्त्वज्ञान नको होतं, तास हवे होते. मी म्हटलं, नियमात विषय कोणते लिहिलेत ते वाच बघू. तिने वाचले. अंकगणित, वाचन, स्पेलिंग, लेखन, इंग्रजी, भूगोल, अमेरिकेचा इतिहास, विज्ञान, आरोग्य, संगीत, चित्रकला, शारीरिक शिक्षण. मी विचारलं, यातलं तू काय मोजतेस? "वाचन, लेखन, गणित. आणि थोडं सायन्स."

इथे गफलत होती. शाळेच्या पाच तासांत पी.टी. असते, गाणं असतं, चित्रं असतात. बहीण मात्र पाचही तास अक्षर-अंकांनी भरायला निघाली होती. म्हणजे शाळेपेक्षाही जास्त शाळा! भाचा आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटं पोहायला शिकतो, प्रशिक्षक आहे, पावत्या आहेत. आठ आठवड्यांचे १२ तास. शनिवारी वाचनालयात मुलांसाठी गोष्टी आणि हस्तकलेचा एक तास असतो, त्याचे ८. जेवणानंतर त्याचे बाबा रोज वीसेक मिनिटं त्याच्याबरोबर इंग्रजी पुस्तक वाचतात, तो एक ओळ, बाबा एक ओळ. कोणती पुस्तकं कधी आणली ते वाचनालयाच्या खात्यावर दिसतं. त्याचे धरले १७. झाले ३७. ज्याची तारीख आठवेना ते सगळं सोडून दिलं. उरले २४ तास, दिवस १२. रोजचे दोन.

बहीण बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "पण हे तर आम्ही असंही करतो."

हो, करता. आणि इथेच मला दुसऱ्या बाजूचंही बोलायला हवं, कारण शिक्षक म्हणून मला या रस्त्यावरचा खड्डाही ठाऊक आहे. एकदा 'सगळंच शिक्षण' म्हणायला लागलं की माणूस कार्टूनलाही इंग्रजीत टाकतो आणि दुकानापर्यंतच्या गाडीच्या फेरीला भूगोलात. आम्हा शिक्षकांचं दैनिक टाचण आठवा. ते पाठाच्या आधी लिहायचं असतं. आठवड्याचं टाचण शनिवारी दुपारी एकटाकी लिहून काढणारे मी पाहिलेत, आणि खोटं कशाला बोलू, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही तेच केलं. केंद्रप्रमुख येणार म्हणून. वही सुंदर दिसत होती. वर्गातल्या दोन मुलींना त्या महिन्यात हातच्याची बेरीज येत नव्हती, आणि माझ्या वहीत तो घटक 'पूर्ण' होता. त्यातल्या एकीला पुढच्या वर्षीच्या बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुला मागच्या वर्षी काय शिकवलं गं?" ते वाक्य तिला कमी आणि मला जास्त होतं.

म्हणून बहिणीला मी एकच नियम सांगितला. त्या वेळात मुलाने काय नवीन केलं किंवा काय करून पाहिलं, हे एका ओळीत लिहिता आलं तर तास धर. नाही आलं तर धरू नकोस. आणि ओळ त्याच रात्री लिही, आठवड्याने नाही. पोह्यांसाठी त्याने अर्धा कप, पाव कप मोजले आणि दोन पाव म्हणजे एक अर्धा हे स्वतः ताडलं, तर वीस मिनिटं अंकगणित, खुशाल लिही. तेच पोहे दहाव्यांदा झाले तर तो नाश्ता आहे. बर्फ वाटीत घेऊन किती वेळात वितळतो ते पाहिलं आणि चित्र काढलं, तर विज्ञान. नुसता बर्फात खेळला तर खेळला, खेळू दे, त्याला त्याचीही गरज आहे.

पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे चालतात. साडेसहा वर्षांच्या मुलाचं टेबलावरचं काम तसंही त्याहून फार लांब जात नाही. शिकवणं सोमवार ते शुक्रवारच असं काही नाही, संध्याकाळ आणि शनिवार-रविवारही चालतात. आठवड्याचे सहा दिवस धरून ४० आठवडे केले तर २४० दिवस होतात आणि रोजचे पाचाचे पावणेचार तास उरतात, त्यात पोहणं, गाणं, चित्रं, वाचनालय सगळं आलं. टेबलापुढचे दीड तास पुरतात. अहवालात फक्त तास नसतात, प्रत्येक विषयात काय घेतलं तेही लिहायचं असतं, आणि ठरवल्याच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी झालं तर कारण द्यावं लागतं. मी तिला सांगितलं, कमी झालं तर कमी झालं म्हणून लिही. 'मुलगा वाचनाला कंटाळू लागला म्हणून वेग कमी केला' हे कारण कुठल्याही शिक्षकाला समजेल.

आता आपल्याकडचं. भारतात घरी शिकवणाऱ्यांसाठी तासांचा वेगळा नियम नाही, शिक्षण हक्क कायद्यातले तास शाळांना लागू आहेत. दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बसता येतं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. तरी पुण्या-मुंबईकडचे काही पालक मला विचारतात, "बाई, रोज किती तास घ्यायचे?" आणि उत्तराची वाट न बघता सात ते बाराचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवतात. त्यांना मी २०२० ची आठवण देते. कोविडच्या काळात मुलं घरी होती तेव्हा केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी ऑनलाइन वर्गाची मर्यादा दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रं अशी ठेवली होती. तो हिशेब पडद्याचा होता, मान्य. पण घरातलं मूल शाळेच्या घंटेवर चालत नाही, हे तेव्हा आपण सगळ्यांनीच पाहिलं. आणि ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांनीही स्वतःचा हिशेब मांडावा. शाळा, मग शिकवणी, मग गृहपाठ. पहिलीतल्या पोराचे रोज किती तास होतात?

बहिणीचा तिसऱ्या तिमाहीचा अहवाल एप्रिलमध्ये गेला. २१९ तास भरले, सहा कमी. ते जूनपर्यंत भरून निघतील. टायमर परत शेगडीजवळ गेलाय. रात्रीची मराठी गोष्ट पुन्हा सुरू आहे, आणि ती कुठल्याच रकान्यात लिहायची नाही असं आम्ही दोघींनी ठरवलंय. मागच्या रविवारी भाचाच फोनवर आला. म्हणाला, "मावशी, आज आईने अर्धीच गोष्ट वाचली. उरलेली तू वाच."