सुतळी सोडा ना मामा!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य ऑफिसात फेकलं की कुणीतरी हसतंच. मीही हसवून घेते. पण मागच्या सुटीत देवगिरी एक्स्प्रेसने परभणीला उतरले, मामांच्या शेतात गेले आणि हसू पार पळालं.

बैलजोडी विकल्यावर मामांनी कपाशीच्या ओळींतलं तण काढायला पेट्रोलवरचा पॉवर वीडर घेतलाय. खाली गरगर फिरणारी पाती, वर हँडल आणि हँडलवर क्लचचा दांडा. तो दाबला की पाती फिरतात, सोडला की थांबतात. मामांनी तो चक्क सुतळीने हँडलला बांधून टाकलेला!

“मामा, हे काय?”

“दिवसभर दाबून हात दुखायलेत गं. कामून?”

अहो, माणूस घसरून पडला तर हात सुटावा आणि पाती थांबावीत, एवढ्यासाठीच तर तो दांडा आहे! रिव्हर्स घेताना तर पाती सरळ आपल्या पायांकडे येतात. मी आधी माझी ओढणी काढून मामीकडे दिली. सल्ला देणाऱ्याची ओढणी पात्यात जायला नको.

आदल्या दिवशी पाऊस झालेला, रानाला वापसा आलेला नव्हता. ओल्या काळ्या मातीचे गोळे आणि हराळी पात्यांना गुंडाळली आणि पाती अडकली. मामा खाली वाकले. इंजिन चालूच! मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या रानातले लोक उभे राहिले.

अडकलेलं पातं बंद वाटतं, पण हराळीचा तेवढा वेढा सुटला की ते फिरणारच. म्हणून आधी इंजिन बंद, मग स्पार्क प्लगची कॅप काढायची, मग काठीने गवत ओढायचं. मिनिटभराचं काम. मामांना विकणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं. मशीन चालू करून दाखवलं आणि पैसे मोजून घेतले. कृषी विद्यापीठ १९७२पासून परभणीतच आहे, तिथे जाऊन विचारायचं मात्र आपल्याला सुचत नाही.

मग व्हायचं तेच झालं. मशीन परत सुरू होईना. दोरी ओढून ओढून मामा घामाघूम. “गेलं बघ इंजिन!” कसलं जातंय? प्लग काढला तर कोरडा ठणठणीत, म्हणजे पेट्रोल पोचतच नव्हतं. (ओला निघाला असता तर चोक बंद करून, प्लग पुसून थोडं थांबायचं.) टाकीत गेल्या हंगामातलं पेट्रोल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. शिवाय महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक भोकात बसतो. इंजिन गार होऊ दिलं, जुनं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर साफ केला, ताजं भरलं. एअर फिल्टरचा स्पंज तर मातीने काळाकुट्ट! साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवला. तिसऱ्या झटक्याला फटफट सुरू.

मामा खूश. मी म्हटलं, “आता सुतळी सोडा.”

त्यांनी विळ्याने ती कापली खरी, पण गुंडाळून खिशात ठेवली. मामीने ते पाहिलं आणि मला म्हणाली, “तू जा बिनघोर. खिसा मीच धुते.”