छपराचा दर विचारण्याआधी

एप्रिल उजाडला की औद्योगिक वसाहतींतले फॅब्रिकेटर फोन उचलेनासे होतात. ज्यांच्या कैच्या उभ्या राहिल्या आहेत त्या प्रत्येकाला मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, शेड झाकून हवी असते. नेमक्या याच वेळी लघुउद्योजकाचा खिसा सगळ्यात हलका असतो. भूखंड, पाया, मशिनचा ॲडव्हान्स यांत कर्जाची बरीचशी रक्कम गेलेली असते आणि उरलेल्यात छप्पर उरकायचं असतं. मग प्रश्न एकच उरतो, ‘चौरस फुटाला काय पडेल?’ ऊन, पाऊस आणि वारा पुढची पंचवीस वर्षं ज्याच्या अंगावर येणार, ती वस्तू आपण शिल्लक पैशातून घेतो. माझी तक्रार या क्रमाबद्दल आहे.

स्वस्तात पहिलं नाव येतं ते सिमेंटच्या पत्र्याचं. त्याची बाजू कच्ची नाही. तो गंजत नाही, आम्लाच्या वाफा बऱ्यापैकी सोसतो, पाऊस त्यावर ताशा वाजवत नाही आणि उन्हात लोखंडी पत्र्याइतका तापत नाही. तारापूर किंवा लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांवर तो टिकून राहिला तो उगाच नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचा तंतू असतो. हा तंतू आजही आयात होतो, त्यातला मोठा वाटा रशियाचा. क्रिसोटाइलसह सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं आहे आणि साठहून अधिक देशांनी त्यावर बंदी घातली आहे. पत्रा जागेवर धड असताना धोका कमी असतो. तो कापताना, भोक पाडताना, फुटल्यावर उतरवताना धूळ उडते आणि ती नेमकी रोजंदारीवरच्या माणसाच्या छातीत जाते. शिवाय हा पत्रा ठिसूळ असतो आणि माणसाच्या वजनाने न सांगता फुटतो. नव्या शेडसाठी तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचे पत्रे मिळतात, पण ठिसूळपणा तिथेही आहेच.

राहिला रंगीत लोखंडी पत्रा. त्यावरचा गॅल्व्हल्यूमचा मुलामा म्हणजे वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, उरलेलं बहुतेक जस्त आणि थोडं सिलिकॉन. साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा तो बराच जास्त टिकतो. खरेदीतला घोळ मात्र जाडीत आहे. ‘पॉइंट फाइव्हचा पत्रा’ असं सगळे म्हणतात, पण ती जाडी नुसत्या पोलादाची की मुलामा आणि रंग धरून, हे कोणी बोलत नाही. एका कोटेशनमध्ये पोलाद ०.५० मिलिमीटर असतं, दुसऱ्यात रंगरोगणासकट ०.५०, म्हणजे आतलं पोलाद ०.४५ च्या आसपास. दोन दरांची तुलना तिथेच खोटी ठरते. (विक्रेते याला फसवणूक म्हणत नाहीत, ‘मार्केट प्रॅक्टिस’ म्हणतात.) पोलादाची जाडी, मुलाम्याचं चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन आणि कॉइल बनवणाऱ्या कंपनीचं टेस्ट सर्टिफिकेट, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. हमीपत्रातला बारीक मजकूरही वाचावा. समुद्रकिनारा किंवा रासायनिक वाफा असतील तर बऱ्याच हमी तिथेच संपतात.

आता वाऱ्याकडे येऊ. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, तर मुंबई आणि नागपूरसाठी ४४. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणला की चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. पुण्याचा हिशेब सुमारे ९० किलोच्या वजनाइतका, मुंबईचा ११८ किलोच्या आसपास. कोपऱ्यांत आणि कडांना वरची ओढ याहूनही वाढते. आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला जेमतेम पाच किलो! ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता, म्हणजे मानकातल्या वेगापेक्षाही कमीच. तरी पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. पत्र्याला जागेवर धरतो तो स्क्रू.

पण स्क्रूचं नाव कोटेशनमध्ये शोधावं लागतं. साध्या जस्ताच्या पातळ मुलाम्याचा स्क्रू कोकणच्या हवेत पत्र्याच्या कितीतरी आधी गंजतो. त्याखालचा रबरी वॉशर चांगल्या ईपीडीएमचा नसेल तर उन्हाने तडकतो. स्क्रू जास्त आवळला तर वॉशर पिचतो, कमी आवळला तर पाणी शिरतं. ड्रिलिंगचा लोखंडी कीस संध्याकाळी झाडला नाही, तर पहिल्याच पावसात नव्याकोऱ्या पत्र्यावर तांबडे ठिपके उमटतात. छपराच्या एकूण खर्चात स्क्रूचा वाटा किरकोळ असतो, म्हणून कडेच्या आणि कोपऱ्याच्या पट्ट्यात ते जवळजवळ लावायला आणि चांगल्या प्रतीचे घ्यायला हात आखडू नये.

शेड लांबलचक असेल तर आणखी एक त्रास असतो. तीस मीटरचा पत्रा रात्रीच्या गारव्यापासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत पन्नास अंशांनी तापला, तर १८ मिलिमीटर वाढतो. रोजच्या या खेचाखेचीत स्क्रूची भोकं लांबट होतात आणि गळती सुरू होते. अशा ठिकाणी स्टँडिंग सीम घ्यावं. त्यात जागेवरच यंत्राने अखंड लांबीचा पत्रा काढतात, तो आतल्या सरकत्या क्लिपांवर बसतो आणि मधल्या भागात भोक पडतच नाही. महाग पडतं. पण वर सौर पॅनेल टाकायचं मनात असेल तर उभ्या शिवणीला क्लॅम्प बसतो, छिद्र पाडावं लागत नाही. पॅनेलचं चौरस मीटरमागे बारा ते पंधरा किलो वजन मात्र कैचीच्या डिझाइनमध्ये आधीच धरायला सांगा. नंतर हे वजन कागदावर बसवता येतं, कैचीवर बसेलच असं नाही.

उष्णतेचं थोडक्यात सांगतो. औषधं, खाद्यपदार्थ, शीतगृह असेल तर फोम भरलेल्या पफ पॅनेलला पर्याय नाही, मात्र आगीचा धोका असलेल्या कामाला रॉकवूल भरलेलं पॅनेल बरं. वर्कशॉपला पत्र्याखाली ग्लासवूल आणि आढ्यावर मोकळा व्हेंट बहुतेक वेळा पुरतो. दोन शेडच्या मधली पन्हळ मात्र टाळता येत असेल तर टाळाच. पाला साचून पाणी तुंबतं, ते तिथेच.

आणि तो पाला काढायला वर कोण चढतं? बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराचा पोरगा, पायात स्लिपर. उजेडासाठी बसवलेले फायबरचे पारदर्शक पत्रे चार पावसाळ्यांत धूळ-शेवाळाने शेजारच्या पत्र्यांसारखेच दिसू लागतात आणि पाय नेमका तिथे पडतो. म्हणून कोटेशनमध्ये आणखी तीन गोष्टी लिहून घ्या: आढ्यालगत चालायची पट्टी, सेफ्टी बेल्ट अडकवायला पोलादी दोर आणि पारदर्शक पत्र्यांखाली जाळी. फॅब्रिकेटर म्हणेल, ‘एवढं कुणी करत नाही, साहेब.’ खरंच फार थोडे करतात. पण माणूस खाली आला तर कायदा भोगवटादाराला, म्हणजे तुम्हाला, विचारतो. कंत्राटदाराकडे बोट दाखवून सुटका होत नाही.