वेगाचा आकडा नको, नोंद दाखवा

तक्रार केली की कंपनीचा माणूस येतो, खिशातून फोन काढतो, स्पीड टेस्ट लावतो आणि काटा शंभराच्या पुढे गेला की विजयी मुद्रेने म्हणतो, "मॅडम, लाइन ओके आहे." सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखांचं नेटवर्क मी सांभाळते. हे वाक्य मला आता पाठ झालंय. तिकडे काउंटरवर पासबुक घेऊन उभ्या असलेल्या आजींचा व्यवहार मात्र पडद्यावर गोल गोल फिरतच असतो.

स्पीड टेस्ट खोटी नसते, ती भलतंच काही मोजते. जवळचा सर्व्हर गाठायचा, तोही पुष्कळदा त्याच कंपनीच्या जाळ्यातला, एकदम अनेक जोडण्या उघडायच्या आणि काही सेकंद डेटा ओढायचा. आमचा कारकून एका व्यवहारात जेमतेम काही केबी पाठवतो. त्याला मोठा पाइप काय करायचाय? पाठवलेलं पोचलं आणि उत्तर वेळेत आलं, की झालं.

ते मोजायला पिंग आहे. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात नेटवर्कमधली एक अडचण शोधताना तो एका संध्याकाळीत लिहून काढला. पिंग समोरच्या यंत्राला हाक मारतो आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. दिवसभर चालू ठेवला की खरं चित्र दिसतं. शंभरातली तीनच पॅकेट गळाली तरी काम अडखळतं, कारण हरवलेलं पुन्हा पाठवावं लागतं, शिवाय डेटाची ने-आण सांभाळणारा टीसीपी हा नियमसंच गळतीला गर्दी समजून आपणहून वेग उतरवतो.

अर्थात पहिला पिंग आपल्याच राउटरला. तिथेच गळती असेल तर कंपनीच्या नावाने बोटं मोडण्याआधी टेबलाखाली झाडूने सैल झालेली केबल बघावी. पुढची वाट ट्रेसराउट दाखवतो. त्यात मध्येच तारे दिसले की आमची नवी मुलं "सापडलं!" म्हणून ओरडतात. पण कित्येक राउटर अशा चौकशीला उत्तरच देत नाहीत आणि पुढचा माल मात्र बिनबोभाट सोडतात. गळती तिथून शेवटच्या टप्प्यापर्यंत कायम राहिली, तरच त्या जागेवर संशय घ्यायचा.

करारातल्या टक्क्यांचीही अशीच गंमत. ९९.५ टक्के उपलब्धता ऐकायला भारदस्त वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात तिचा अर्थ ३ तास ३६ मिनिटं सेवा बंद ठेवायची मुभा. हे तास मध्यरात्री गेले तर कुणाला कळणारही नाही, बाजाराच्या दिवशी सकाळी गेले तर शाखेत भांडणं लागतात.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या सेवादर्जाच्या नियमांत उत्तराला लागणारा वेळ आणि पॅकेटची गळती यांचे निकष आहेत. आमच्या बिलावर मात्र फक्त वेग छापलेला असतो. माझं म्हणणं असं, की तक्रार बंद करण्याआधी कंपनीने त्या जोडणीची चोवीस तासांची गळतीची नोंद ग्राहकाला द्यावी, ग्राहकाने ठेवलेली नोंद पुरावा म्हणून घ्यावी आणि उपलब्धता कामकाजाच्या तासांवर मोजावी. यातलं काहीच महाग नाही. पिंग प्रत्येक संगणकात फुकट आहे. आमच्या शाखांत शटर उघडल्यापासून तो वेळेसकट फाइलमध्ये साठत असतो. यंदाच्या नूतनीकरणाच्या बैठकीत त्या फायली छापून मी संचालकांपुढे ठेवणार आहे, दरपत्रकाच्या आधी.